जिताडा, जावई आणि सासऱ्यांची कंबर

कळव्याहून पावण्याच्या कारखान्यात मी रोज सायकलने जातो. त्यामुळे आपल्या अंगात कुठे काय आहे, हे मला डॉक्टरपेक्षा नीट कळतं. मानेच्या मुळाशी एक शीर आहे, ती रबाळ्याच्या चढावर जागी होते. घणसोली येईपर्यंत तळहात बधिर होतात. गुडघे जातायेता गप्प असतात आणि घरी जिना चढताना बोलायला लागतात. आणि या सगळ्यांहून मोठं दुखणं जिथे आहे, त्या जागेचं नाव चारचौघांत घेता येत नाही. तिच्यावर बसूनच सगळा संसार करायचा असतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे हेडक्लार्क म्हणाले, सीटचं नाक वर करा. दरवान म्हणाला, खाली करा. मी दोन्ही करून पाहिलं. नाक खाली केलं की माणूस घसरत घसरत हॅण्डलवर येतो. वर केल्यावर काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी बायकोने, सुमनने, जुन्या लुगड्याची एक इवलीशी गोधडी शिवून दिली, कोपऱ्यांना नाड्या लावून. ती सीटला बांधून मी कारखान्यात गेलो त्या दिवसापासून सगळे मला विचारतात, "बाळ कसं आहे?"

हे सगळं माझ्या सासऱ्यांना मुळीच पटत नसे. दामामामा मिठागरावर मुकादम होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि तिच्यावरून ते कळव्याच्या बाजारापर्यंत जाऊन येत. एवढ्या अनुभवावर ते म्हणायचे, "दुखनं मनाचं असतं जावय. माझं आजवर काय दुकलं नाय."

कळव्याहून निघताना

जाण्याचं कारण आधी सांगतो. मामांची थोरली बहीण, हिराआत्या, नावड्याला दिलेली. तिच्या मुलाच्या लग्नात पंगतीला जिताडा होता. ज्यांनी जिताडा खाल्ला नाही त्यांना काय सांगावं? खाडीच्या तोंडाशी मिळणारा हा मासा आमच्याकडे मानाचा, आणि त्याचं डोकं त्याहून मानाचं. ते डोकं वाढणाऱ्याने नव्या व्याह्याच्या ताटात घातलं आणि नवऱ्या मुलाच्या सख्ख्या मामाला शेपटाकडचा तुकडा आला. मामा पंगतीतून उठले, हात धुतले आणि चालू लागले. तेव्हापासून भाऊबीज नाही की बोलणं नाही. कितीतरी दिवाळ्या अशाच गेल्या.

आता मामांच्या धाकट्या मुलीचं, मंजूचं, लग्न ठरलं होतं. आमच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हाच लग्न लागतं, भटजी नंतर. हिराआत्या सगळ्या खाडीपट्टीतली नावाजलेली धवलारीण. मंजूने सरळ सांगितलं, "आत्या गाणार नसेल तर मी हळदीला बसणार नाही." आणि मंजू बापाची लेक आहे. म्हणजे खरंच बसली नसती.

मामांनी एक दिवसभर कोणाशी बोलायचं सोडलं आणि मग म्हणाले, "जातो. पर सायकलवर जातो."

"एवढ्या लांब? एसटी आहे ना," सुमन म्हणाली.

"एसटीतनं उतरलो की सगळा नाका बोलनार, दामा बहिनीकडं आला. सायकलवर असलो की मना म्हनता येतं, हिकडनं चाललो होतो."

मग मला बरोबर जाणं आलं. निघताना सुमनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आबांना जपा. आणि तिथे भांडण निघालं तर तुम्ही मध्ये पडा." माझ्या सीटवर गोधडी बांधलेली बघून मामा हसले. त्यांची सीट उघडी, ताठ, चामड्याची होती. मामा स्वतःही तसेच दिसत होते.

तुळशीची लग्नं लागून गेली होती. सकाळी गार वारा होता. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, उजव्या हाताला खाडी, मधे कापणी झालेली भाताची शेतं आणि त्यात रचलेल्या उडव्या. या रस्त्यावर आता नवीन कारखान्यांच्या भिंती उभ्या राहतायत, त्यामुळे खडीच्या लॉऱ्या धूळ उडवत जातात आणि धूळ खाली बसली की बगळे होते तिथेच उभे दिसतात. मी रोज हाच रस्ता कापतो, पण कामावर न जाता कापला तर तो बरा वाटतो. पहिला तासभर मामा पुढे, मी मागे. मामा सुतासारखे सरळ बसले होते.

घणसोलीच्या पुढे ते थांबले.

"ती गोधडी द्या बगू जरा. सीट उनानं तापलंय."

ऊन अजून कोवळं होतं. जावयाने सासऱ्याला 'दुखतंय का' असं विचारायचं नसतं आणि सासऱ्याने जावयाला 'दुखतंय' असं सांगायचं नसतं. मी गोधडी सोडून दिली. पुढचा सगळा रस्ता मी दात आवळून चालवला.

पावणे

खरं तर नावड्याला जायला पावण्यापर्यंत यायची गरज नव्हती. महाप्यालाच वळायचं. पण मामांना जिताडा घ्यायचा होता, अख्खा, डोक्यासकट. "तिच्या म्होरं ठेवायचा. काय बोलायचं नाय. तिला समजंल." आमच्या कारखान्याच्या दारावर मासळी विकायला येणारी द्वारकाबाय पावण्याच्या खाडीवर राहते, तिला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.

मी सायकलवरून उतरलो ते बघून ती म्हणाली, "कसा उतरतोय बग! बालंतीन खाटंवरनं उतरती तसा."

जिताडा चांगला हातभर लांब होता, डोळे सोन्यासारखे चमकत होते. द्वारकाबायने तो ओल्या गोणपाटात गुंडाळून मामांच्या कॅरिअरला बांधून दिला. मग आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी भाकरी हातावर घेऊन उभ्याने खाल्ली. मामाही उभेच होते.

"बसा की, दोगं बी!"

"बसून कंटालो," मामा म्हणाले.

द्वारकाबाय आत गेली आणि एक काळपट बाटली घेऊन आली. मुशी माशाचं तेल. होडीच्या लाकडाला लावतात. "पान्यात लाकूड टिकतं याच्यानं, तर मानसाचं चामडं नाय टिकनार? जा, होडीच्या मागं जा आनि लाव."

मी गेलो आणि लावलं. वास असा होता की डोळ्यांना पाणी आलं, पण खालची आग मात्र थोडी निवली. मी बाहेर आलो तर मामा तुच्छतेने खाडीकडे बघत होते. मग त्यांनी सहज बाटली उचलली.

"होडी चांगली दिसतीया. जरा बगून येतो."

होडी त्यांनी बराच वेळ बघितली. आले ते पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत चकाकत होते. त्या क्षणापासून आम्ही दोघे मिळून एका मोठ्या माशासारखा वास मारत होतो. पावण्याच्या वेशीपर्यंत दोन मांजरं आमच्याबरोबर चालत आली.

महापे

महाप्याहून डोंगराच्या अंगाने शिळेकडे वाट जाते. चढ आहे, सायकल हातात धरून न्यावी लागते. गावाच्या टोकाला एका चिंचेखाली मामांनी सायकल चढावर ढकलायला जोर लावला आणि तिथेच थांबले. पुढे नाहीत की मागे नाहीत.

"मामा?"

"काय नाय."

"काय झालं?"

"काय नाय म्हनलो ना. उसन भरली."

झालं. समोरच्या घरातून एक आजीबाई पदर खोचत आल्या, मग त्यांच्या शेजारणी आल्या. आमच्या कळव्यात उसण भरली की लाटणं फिरवतात. महाप्याची पद्धत वेगळी निघाली. "पायाळू हाय ना आमची सून! आगं ये, हिकडं ये," आजीबाईंनी हाक मारली.

आधी पाय आणि मग डोकं अशा तऱ्हेने जन्मलेला माणूस पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं सगळीकडे मानतात. पण ही पायाळू सून नवीन लग्नाची होती. वडीलधाऱ्या परक्या पुरुषाला लाथ कशी मारायची, म्हणून ती लाजून चूर झाली. सासू म्हणाली, "मार!" ती नाही म्हणाली. मामा म्हणाले, "मार गं पोरी, तुना पाप नाय." तरी ती नाही म्हणाली. शेवटी तिने आधी मामांच्या पाया पडून घेतलं, पदर ओढून तोंड झाकलं, दोन पावलं मागे गेली आणि हाणली.

एवढीशी मुलगी होती, पण चुलीचं सरपण डोंगरावरून आणणारी. मामा चिंचेला जाऊन आदळले आणि तिथेच, कमरेत काटकोनात वाकून, कायमचे थांबले.

"गेली का उसन?" आजीबाईंनी विचारलं.

"उसन गेली," मामा जमिनीला म्हणाले. "पर मी वर येत नाय."

मामांना सरळ करायला गाव जमलं. एकाने खांदे धरले, एकाने पाय. मामांनी जो आवाज काढला तो दुखल्याचा नव्हता, असं ते आजही सांगतात. आणि हे चाललेलं असताना सायकलीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मुशीच्या तेलाच्या वासावर आलेलं एक लाल कुत्रं सायकलपाशी पोचलं होतं. मी बघितलं तेव्हा गोणपाट फाटलेलं होतं आणि कुत्रं तोंडात काहीतरी घेऊन बांधावरून पळत होतं. मी मागे धावलो. धावलो म्हणजे मांड्या एकमेकींना लागू न देता जितकं जमतं तितकं. कुत्र्याने एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं, आपल्या मागे हे काय येतंय म्हणून, आणि मग आरामात निघून गेलं.

परत आलो. गोणपाट सोडलं. मामा वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांना जिताडा अगदी जवळून दिसला.

"मुंडकं गेलं, जावय."

डोक्यावरून भांडण झालेलं. त्या भांडणाला मिटवायला बिनडोक्याचा मासा घेऊन जायचं म्हणजे, 'तू मला डोकं दिलं नाहीस, घे, मीही देत नाही' असं तोंडावर सांगण्यासारखं. मी म्हणालो, "मामा, परत फिरू या. दुसरा घेऊन दोन दिवसांनी येऊ."

"आज नाय गेलो तर मी पुना निगनार नाय," ते म्हणाले. हे मात्र ते सरळ, गंमत न करता म्हणाले. "माझं मलाच ठाव हाय."

मग आम्ही निघालो. चढावर गावातल्या एकाने मामांची सायकल ढकलली. चढ संपल्यावर दोघांनी मिळून त्यांना उचलून सायकलवर ठेवलं आणि आश्चर्य म्हणजे ती कंबर हॅण्डलला अशी बसली की जणू त्याच्यासाठीच वाकवली होती. उतारावर ते शर्यतीतल्यासारखे सुटले. मी मागून ओरडत होतो, "मामा, ब्रेक!" तळोज्यापर्यंत त्यांनी मला गाठू दिलं नाही.

नावडे

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही नावड्यात शिरलो. मागे चार कुत्री होती. हिराआत्या अंगणात सुपाने भात पाखडत होत्या. अंगाने कडक, मामांसारख्याच, फक्त केस पूर्ण पांढरे. मी मामांना सायकलवरून उतरवलं. ते तसेच, काटकोनात, बहिणीसमोर उभे राहिले, तोंड तिच्या पायांकडे.

"बायो," ते म्हणाले.

आत्यांच्या हातातलं सूप थांबलं. त्या बराच वेळ त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिल्या.

"आयलास?"

"हिकडनं चाललो होतो."

"उठ," आत्या म्हणाल्या.

मामा उठले नाहीत.

"उठ रं, झायला नमस्कार."

मामा कसे उठणार? आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं, मी काय एवढी मोठी लागून गेली? दामा! उठ!" मामा जसजसे उठत नव्हते तसतशा आत्या जास्त रडत होत्या. शेजारच्या बायका कुडावरून बघायला लागल्या. एक म्हणाली, "बग, भाऊ असावा तर असा. किती वेल पाया पडलाय!" तिने आपल्या नवऱ्यालाही बघायला बोलावलं. मामांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. ते खरं सांगून टाकणार असं मला दिसलं. मी त्यांच्या कानाशी वाकलो, मलाही ते सोपं नव्हतं, आणि म्हणालो, "मामा, मंजूसाठी गप्प राहा."

ते गप्प राहिले. मग आत्यांची नजर गोणपाटावर गेली. त्यांनी ते सोडलं.

"मुंडकं?"

आता मध्ये पडायची माझी पाळी होती. मी सगळं सांगितलं. पावणे, द्वारकाबाय, तेल, पायाळू सून, लाल कुत्रं. बोलता बोलता जे सांगायचं नव्हतं तेही सांगून बसलो, म्हणजे मामांची कंबर. माझी जीभ सुटली की थांबत नाही. मी थांबलो तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले होते.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आमच्या मागे रांगेने बसलेल्या चार कुत्र्यांकडे पाहिलं. मग नाकाला पदर लावला. आणि मग त्या अशा हसल्या की भाताच्या राशीतच बसल्या.

"म्हंजे तू वाकला नव्हतास?"

"नाय," मामा म्हणाले.

"मना वाटलाच. लहानपनी आईनं मारला तरी वाकला नाय, आता काय वाकनार!" त्यांनी डोळे पुसले. "पर आयलास ना. असा, या कमरंनं, त्या डोंगरावरनं आयलास ना?"

"आयलो."

"मग चल आत. आनि आदी आंगोल करा दोगं, नायतर गावातली सगली मांजरं घरात येतील."

मिठाची पोटली तव्यावर तापवून आत्यांनी मामांची कंबर शेकली, तोंडाने अखंड शिव्या देत. हळूहळू, एखादा जुना दरवाजा उघडावा तसे मामा सरळ झाले. दिवेलागणीला पाट मांडले. मी थाळी कोनाड्यात ठेवून उभ्याने जेवलो. आमच्याकडे जिताड्याच्या कालवणात नारळ घालतात. नावड्याला नाही. नुसती चिंच, ठेचलेली लसूण आणि मिरची. हेच खरं कालवण, हे मी सुमनला अजून सांगितलेलं नाही. मामा एका अंगावर कलून बसले होते. आत्यांनी त्यांच्या पानात मधला, सगळ्यात जाड तुकडा वाढला.

"मुंडकं नाय म्हनून रुसू नको आता."

"मुंडक्यात काट्यांशिवाय हाय काय?" मामा म्हणाले. मग पानाकडे बघत, "मंजीचं लगीन हाय, बायो. तू गायला पायजेस."

"गायला पायजेस म्हनं! तू नसता बोलावला तरी मी आयली असती. मांडवाच्या बाहेर हुबी राहून गायली असती. मंग बसला असतास कानात बोटं घालून."

मामा भात कालवत राहिले, कालवून झाला तरी.

परत

सकाळी आत्या कपड्यांची पेटी बांधून तयार होत्या. लग्नाला अजून अवकाश होता, पण धवलारणीला आधीपासून घरात असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सायकलवरून आम्ही दोघे नीट पोचू यावर त्यांचा विश्वास नव्हता. नाक्यावर एसटी आली. सायकली टपावर चढवल्या. मामा सगळ्या नाक्यादेखत बहिणीची पेटी हातात घेऊन चढले. कोणी काय बोललं की नाही, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

गाडी जवळजवळ रिकामी होती. आत्या खिडकीशी बसल्या. मी आणि मामा मधल्या दांड्याला धरून उभे राहिलो.

कंडक्टर आला. "बसा की हो! एवढ्या जागा मोकळ्या आहेत."

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, खड्ड्यात पडाल. बसा म्हणतो ना!" त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवायला सुरुवात केली. मामांचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात कधी काही दुखलं नाही असं सांगणारा माणूस आता काय बोलणार?

आत्यांनी कंडक्टरचा हात धरून बाजूला केला.

"नको बसवू रं बाबा त्यांना," त्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझी दोन्ही मानसं माझ्यापायी बूड फोडून आलीत. कलव्यापर्यंत हुबीच येतील."

आणि त्यांनी खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात, मंजूच्या हळदीचा पहिला धवला म्हणून बघायला सुरुवात केली.